पूर ओसरल्यानंतरचा प्रवास

सुटीचा प्रवास ठरतो महिनोन् महिने आधीं. आणि नद्या कांहीं आपलें वेळापत्रक पाहून पूर आणीत नाहींत. २०१८ च्या दिवाळीसाठीं मुंबई-पुण्याच्या कित्येक कुटुंबांनीं केरळचीं तिकिटें काढून ठेवलीं होतीं. ऑगस्टांत तेथें अतिवृष्टि झाली. इडुक्की जलाशयाचे दरवाजे २६ वर्षांनीं उघडावे लागले, कोचीचा विमानतळ १५ पासून २९ तारखेपर्यंत बंद राहिला, चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. ओणमचे सरकारी समारंभही रद्द झाले. आमच्या शेजारच्या घरीं तेव्हां मोठा वाद झाला. आजी म्हणाल्या, "लोकांच्या घरांत चिखल असतांना आपण तिथें जाऊन नौकाविहार करायचा? शोभेल का तें?" चिरंजीव तिकिटें रद्द करावयास निघाले.

आजींचा संकोच सुसंस्कृत मनाचा होता. पण त्यांत दोन निरनिराळ्या काळांची गल्लत झाली होती. पाणी चढलेलें असतें तेव्हां प्रत्येक वाहन, प्रत्येक खोली आणि पिण्याच्या पाण्याचा प्रत्येक घडा पूरग्रस्तांचा असतो. किनाऱ्यावरील कोळी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून माणसें काढावयास धांवले, त्या दिवसांत प्रवासी म्हणजे केवळ अडचण. मुन्नारच्या डोंगरांवर बारा वर्षांनीं फुलणारी नीलकुरिंजी त्याच वर्षीं फुलावयाची होती. पुढचा बहर थेट २०३० सालीं. मोह खरा, पण दरडींनीं तुटलेल्या रस्त्यावर फुलें पाहावयास जाणें हा रसिकपणा नव्हे.

दुसरा काळ रस्ते उघडल्यानंतरचा. आलप्पुळाच्या हाऊसबोटीचेंच उदाहरण घ्या. तिचें मूळ नांव केट्टुवळ्ळम्. फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवून बांधलेली ही पूर्वीची भाताची मालवाहू नाव. तिच्यावरील नावाडी व आचारी यांची मुख्य कमाई ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांची. यांतील कित्येकांचीं घरें कुट्टनाडांत. तेथील जमीन समुद्रसपाटीहूनही खालीं, म्हणून शिरलेलें पाणी आपोआप ओसरत नाहीं. तें बांधापलीकडे पंपानें उपसावें लागतें. अशा माणसाचें घर पुरानें नेलें. आणि पाणी उतरल्यावर, आपल्याच सद्भावनेनें रद्द केलेल्या तिकिटानें त्याचा रोजगारही नेला!

शिवाय वृत्तपत्रांतील एका छायाचित्रावरून साऱ्या प्रांताची अवस्था ठरवूं नये. त्या पुराची झळ उत्तरेस कासरगोडला आणि दक्षिणेस तिरुवनंतपुरम्‌ला त्या मानानें कमी लागली होती. हीच चूक पुढें पुन्हां झाली. ३० जुलै २०२४ रोजीं वायनाडांत मुंडक्कै-चूरलमला येथें दरड कोसळली, आणि प्रवाशांनीं साऱ्या जिल्ह्याकडेच पाठ फिरविली.

तेव्हां जावयाचें किंवा नाहीं हें मनाला न विचारतां उतरावयाच्या घरीं विचारावें. रस्ता रोजच्या वाहतुकीस खुला आहे का? जवळचें रुग्णालय चालू आहे का? आश्रितांची छावणी तेथेंच तर नाहीं ना? विहिरी शुद्ध केल्या का? हा शेवटला प्रश्न क्षुल्लक समजूं नये. त्या पुरानंतर केरळांत लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मूत्रानें दूषित पाण्यांतून होणारा ज्वर पसरला होता. अनवाणी पायांनीं डबक्यांत उतरण्याची हौस मुलांस करूं देऊं नये. उत्तरें समाधानकारक नसतील तर तिकीट रद्द न करतां तारीख पुढें न्यावी. ऑगस्टांत व्हावयाची नेहरू करंडकाची नौकाशर्यत आलप्पुळाकरांनीं रद्द न करतां १० नोव्हेंबरास घेतली. आमच्या शेजाऱ्यांनींही जानेवारी धरला.

तेथें गेल्यावर पडक्या घरांपुढें उभें राहून छायाचित्रें काढूं नयेत आणि संकटाचा फायदा घेऊन भाड्याची घासाघीस करूं नये, इतकें सांगणें पुरे. मात्र खरेदी अवश्य करावी. एर्नाकुळम् जिल्ह्यांतील चेन्दमंगलम् येथील विणकरांचा ओणमसाठीं विणलेला माल चिखलांत बुडाला. तें कापड निर्जंतुक करून त्याच्या छोट्या बाहुल्या करण्यांत आल्या. नांव चेकुट्टी: चेरु म्हणजे चिखल, कुट्टी म्हणजे मूल. एका साडींतून ३६० बाहुल्या, प्रत्येकी २५ रुपये. म्हणजे ९,००० रुपये, मूळ साडीच्या किमतीच्या कितीतरी पट. आजींनीं स्वतः अशा चार आणल्या. त्यांतील एकीच्या कडेला चिखलाचा फिकट डाग अजून दिसतो, आणि नातीला नेमकी तीच हवी असते.