फुकटच्या साधनांचा खरा खर्च

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याला पाव शतक उलटले. तरीही खेड्यातील अनेक मुले ‘सी, ए, टी’ ही अक्षरनामे घडाघडा म्हणतात आणि ‘कॅट’ हा शब्द मात्र पाठ असला तरच ओळखतात. दोष मुलांचा नव्हे. मराठीत अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार असतो. इंग्रजीत अक्षरे सव्वीस, ध्वनी सुमारे चव्वेचाळीस आणि अक्षरांची नावे त्याहून निराळी. म्हणून आधी ध्वनी ओळखावयाचे व मग ते जोडून शब्द वाचावयाचा, ही ध्वनिपद्धती पुढे आली. ब्रिटनमध्ये रोझ समितीने २००६ साली तिचाच पुरस्कार केला.

या पद्धतीची मोठी अडचण म्हणजे शुद्ध उच्चार ऐकविणार कोण? येथे इंटरनेटवरील मोफत साधने उपयोगी पडतात. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ मंच २०१७ साली सुरू झाला. २०१९ साली गूगलने भारतात आणलेले ‘बोलो’ हे अ‍ॅप मुलाचे वाचन ऐकून चूक दाखवी आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटवाचूनही चाले. एका मुलाने वापरल्याने अशी साधने दुसऱ्यासाठी कमी होत नाहीत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा त्यांचा मोठाच गुण होय.

परंतु टाक फुकट मिळाला तरी शाईवाचून लिहिता येत नाही. फोन, डेटा, वीज आणि शिक्षकाचा वेळ यांची किंमत कोणीतरी मोजतोच. शेतमजुराच्या घरात एकच फोन असेल आणि तो दिवसभर बापाबरोबर शिवारात असेल, तर मुलाच्या वाट्याला काय येणार? हा खर्च पालकांवर ढकलला की मोफत साधनांचा लाभ ज्यांची आधीच सोय आहे त्यांनाच होतो आणि विषमता वाढते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आणखी एक प्रश्न आहे. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा बोलली जाते. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते निश्चित झालेले नाही. त्या घरातील मुलाला मराठी हीच परकी, इंग्रजी तर तिसरी. त्याची बोली या यंत्रांना ठाऊक नाही. तेथे ऐकणारा कान शिक्षकाचाच हवा.

तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि २०२६-२७ ही त्याची मुदत ठरली. तेव्हा मागणी साधी आहे. पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गाला शाळेच्या मालकीचे एक उपकरण द्यावे, डेटाचा खर्च शाळेच्या अनुदानात धरावा आणि रोज पंधरा मिनिटे ध्वनींचा सराव शिक्षकासमोरच व्हावा. मराठी वाचन पक्के झाल्यावरच इंग्रजी ध्वनींकडे वळावे. रस्त्यांच्या आणि इमारतींच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. मात्र तो अंदाजपत्रकात दिसला पाहिजे. तो तेथे नसेल, तर मुलाच्या न वाचता येण्यातून त्याची वसुली होईल.