मालक बाजूला झाल्यावर कंपनी कोण चालवणार? उत्तराधिकाराचं नियोजन म्हणजे काय?

धीरूभाई अंबानी यांचं 6 जुलै 2002 रोजी निधन झालं. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. पुढे मुकेश आणि अनिल या भावांमधला वाद चव्हाट्यावर आला. अखेर जून 2005मध्ये आई कोकिलाबेन यांच्या मध्यस्थीने रिलायन्स समूहाची वाटणी झाली.

आता मुकेश अंबानी यांनी मात्र तयारी आधीच सुरू केली आहे. ऑगस्ट 2023मध्ये आकाश, ईशा आणि अनंत या तिन्ही मुलांना संचालक मंडळावर घेण्याची घोषणा झाली, तर अध्यक्षपद मुकेश यांच्याकडेच राहिलं. म्हणजे वडील खुर्चीत असतानाच पुढची पिढी काम शिकते आहे. यालाच उत्तराधिकाराचं नियोजन म्हणतात.

फक्त नाव ठरवलं की झालं?

नाही. टाटा समूहाचं उदाहरण पाहा. रतन टाटांचा वारसदार शोधण्यासाठी 2010मध्ये निवड समिती नेमली गेली. 2011मध्ये सायरस मिस्त्री यांची निवड झाली. वर्षभर उपाध्यक्ष म्हणून काम केल्यावर डिसेंबर 2012मध्ये त्यांनी सूत्रं घेतली. तरीही 24 ऑक्टोबर 2016 रोजी त्यांना हटवण्यात आलं. कोर्टातली लढाई मार्च 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा सन्सच्या बाजूने निकाल दिल्यावर थांबली.

टाटा सन्सची सुमारे 66 टक्के मालकी टाटा ट्रस्ट्सकडे आहे. त्यामुळे ट्रस्टचा शब्द कुठपर्यंत चालणार आणि अध्यक्षाला किती मोकळीक असणार, हा या वादातला कळीचा मुद्दा होता. माणूस निवडला, पण अधिकारांची हद्द स्पष्ट नसेल तर काय होतं, ते इथे दिसलं.

कायदा काय सांगतो?

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळाने उत्तराधिकाराची योजना तयार आहे याची खात्री करावी, असं सेबीचा नियम सांगतो. सीईओचं पद रिकामं झालं, तर ते साधारणपणे 3 महिन्यांत भरावं लागतं. खासगी बँकांच्या प्रमुखांसाठी रिझर्व्ह बँकेने 15 वर्षांच्या कार्यकाळाची आणि 70 वर्षं वयाची मर्यादा घातली आहे.

छोट्या उद्योगांचं काय?

खरा धोका इथेच जास्त आहे. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायात कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा वेगळे नसतात. भागीदारी करारात वेगळी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूनंतर फर्म विसर्जित होते. एका व्यक्तीच्या कंपनीला मात्र नॉमिनी आधीच नोंदवावा लागतो.

पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. डिसेंबर 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, शेअर्सचा नॉमिनी आपोआप त्यांचा मालक होत नाही. म्हणून मृत्युपत्र हवंच.

मग तयारी कशी करायची?

- मालकी कुणाकडे आणि कारभार कुणाकडे, हे वेगवेगळं ठरवून लिहून ठेवा. मुलांना धंद्यात रस नसेल, तर बाहेरचा व्यवस्थापकही चालतो.
- बँकेत सही करणारी दुसरी व्यक्ती नेमा. नाहीतर मालक अचानक आजारी पडला, तर कामगारांचे पगारही अडकतात.
- ग्राहक, पुरवठादार आणि कर्जाची माहिती एकट्याच्या डोक्यात ठेवू नका.
- जाणाऱ्याची नंतरची भूमिका ठरवा. तो फक्त सल्ला देणार की निर्णयही घेणार?

हे सगळं तब्येत धडधाकट असताना, घरच्यांना एकत्र बसवून बोलावं. मालक हयात असताना झालेले मतभेद घरात मिटवता येतात, नंतरचे बहुतेकदा वकिलाकडे जातात.