लाल कार्ड दाखवले, पण हिशेब कोणी द्यायचा?

स्पेनमधील सेव्हिल शहरात ८ जुलै १९८२ रोजी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा उपान्त्य सामना सुरू होता. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी १-१ अशा बरोबरीत होते. उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरलेला फ्रान्सचा पॅट्रिक बातिस्तों एकटाच चेंडू घेऊन गोलच्या दिशेने झेपावला. त्याने फटका मारला, चेंडू गोलखांबाबाहेरून गेला आणि त्याच क्षणी जर्मन गोलरक्षक हाराल्ड शूमाकर हवेत उडी घेऊन त्याच्या तोंडावर आदळला. बातिस्तों जागीच बेशुद्ध पडला. त्याचे दात पडले, मणक्याला इजा झाली आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. पंच चार्ल्स कॉर्व्हर यांनी मात्र लाल कार्ड सोडाच, साधा फाउलही दिला नाही. गोलकिकने खेळ पुन्हा सुरू झाला. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, पेनल्टी शूटआउटमध्ये त्याच शूमाकरने दोन किक अडवल्या आणि जर्मनीने अंतिम फेरी गाठली. त्या अंतिम सामन्यातही तो खेळला.

आता २४ वर्षांनंतरचे बर्लिन पाहा. ९ जुलै २००६ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा कर्णधार झिनेदिन झिदान याने इटलीच्या मार्को मातेराझ्झीच्या छातीवर डोके आदळले. मातेराझ्झी उठला आणि उर्वरित सामनाही खेळला. झिदानला मात्र कारकीर्दीच्या अखेरच्या सामन्यात मैदानाबाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. 'फिफा'ने त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आणि ७,५०० स्विस फ्रँकचा दंड अशी कारवाई केली. चिथावणी दिल्याबद्दल मातेराझ्झीलाही दोन सामन्यांची बंदी आणि ५,००० फ्रँकचा दंड झाला. झिदान तर निवृत्तच झालेला. त्यामुळे बंदीऐवजी त्याने मुलांसाठी तीन दिवस समाजकार्य केले.

एकीकडे गंभीर इजा आणि शून्य शिक्षा. दुसरीकडे इजा नाही, पण जगभर गाजलेली शिक्षा. या दोन घटना शेजारी ठेवल्या की मूळ प्रश्न समोर येतो. मैदानावरील हिंसेबद्दल खेळाडूला जबाबदार धरायचे ते नेमके कशाच्या आधारे? कृतीच्या, परिणामाच्या, हेतूच्या, की केवळ पंचाला काय दिसले यावरून?

नियम काय सांगतो?

फुटबॉलमध्ये पिवळे आणि लाल कार्ड आले तेच मुळी हिंसेच्या अनुभवातून. १९६२च्या विश्वचषकात चिली विरुद्ध इटली हा सामना अक्षरशः हाणामारीत बुडाला. इटलीच्या दोन खेळाडूंना बाहेर काढण्यात आले. त्यातील एकाला नेण्यासाठी पोलिसांना मैदानात यावे लागले. चिलीच्या लिओनेल सांचेझने ठोसा मारून प्रतिस्पर्ध्याचे नाक फोडले, पण तो मैदानावरच राहिला. या सामन्याचे इंग्लिश पंच केन ॲस्टन यांनीच पुढे वाहतूक दिव्यांच्या रंगांवरून कार्डांची कल्पना मांडली आणि १९७०च्या विश्वचषकापासून ती अमलात आली.

आजच्या नियमावलीतील बारावा नियम दोन गोष्टींत फरक करतो. चेंडूसाठी झुंजताना प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात आणणे हा एक गुन्हा. चेंडूसाठी झुंज नसताना कुणावरही अवाजवी बळ वापरणे हा दुसरा. दोन्हींना लाल कार्डच आहे. दुसऱ्या प्रकारात तर फटका प्रत्यक्ष लागला नाही, तरी नुसता प्रयत्नही पुरेसा ठरतो. म्हणजे इजा किती झाली किंवा खेळाडूच्या मनात काय होते, हे नियम विचारत नाही. तो कृती पाहतो. कागदावर ही भूमिका निःसंदिग्ध आहे. अडचण येते ती तिच्या अंमलबजावणीत.

पंचाच्या नजरेपलीकडे

पहिली अडचण दिसण्याची. पंचाने पाहिले नाही, तर घडलेच नाही, असा फुटबॉलचा जुना खाक्या होता. १९९४च्या विश्वचषकात इटलीच्या माउरो तासोत्तीने कोपर मारून स्पेनच्या लुईस एन्रिकेचे नाक फोडले. पंचांनी काहीच केले नाही. सामन्यानंतर चित्रफीत पाहून 'फिफा'ने तासोत्तीवर आठ सामन्यांची बंदी घातली. परंतु इटलीने तो सामना जिंकला होता आणि स्पेन स्पर्धेबाहेर गेला होता.

२०१४मध्ये हेच इटलीच्या वाट्याला आले. उरुग्वेच्या लुईस सुआरेझने इटलीच्या जॉर्जिओ किएलिनीच्या खांद्याचा चावा घेतला; पंचांना ते दिसले नाही. पुढच्या काही मिनिटांतच उरुग्वेने गोल केला आणि इटली गारद झाली. सुआरेझला पुढे नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने फुटबॉलबंदी अशी शिक्षा झाली. चावा घेतल्याबद्दल २०१०मध्ये सात आणि २०१३मध्ये दहा सामन्यांची बंदी त्याने आधीच भोगली होती. उशिरा मिळालेली शिक्षा खेळाडूला भोवते. ज्याच्यावर अन्याय झाला, त्या संघाच्या पदरात मात्र काहीच पडत नाही.

पंचाने पाहिले, पण कमी लेखले, तर काय? २००६मध्ये मँचेस्टर सिटीच्या बेन थॅचरने पोर्ट्समथच्या पेद्रो मेंडेसला कोपराने असे ठोसले, की तो बेशुद्ध होऊन रुग्णालयात पोहोचला. पंचांनी पिवळे कार्ड दाखवले होते. पंचाच्या निर्णयावर फेरनिर्णय द्यायचा नाही, हा इंग्लिश फुटबॉल संघटनेचा प्रघात. तो बाजूला ठेवून संघटनेने आठ सामन्यांची बंदी घातली आणि आणखी पंधरा सामन्यांची टांगती तलवार ठेवली. २०१८मध्ये नियमावलीत आलेल्या व्हिडिओ साहाय्यक पंच पद्धतीने थेट लाल कार्डाचे प्रसंग तपासण्याची सोय केली आणि 'दिसलेच नाही' ही सबब बरीचशी संपवली.

कॅमेऱ्याला मन दिसत नाही

दुसरी अडचण हेतूची. एप्रिल २००१मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनने सिटीच्या आल्फ-इंगे हालांडच्या गुडघ्यावर बूट रोवला. लाल कार्ड, तीन सामन्यांची बंदी, ५,००० पौंड दंड, आणि प्रकरण मिटले. २००२मध्ये कीनचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्यात तो प्रकार जुना हिशेब चुकता करण्यासाठी होता, असा अर्थ निघणारा मजकूर आला. संघटनेने प्रकरण पुन्हा उघडले; आणखी पाच सामन्यांची बंदी आणि १,५०,००० पौंडांचा दंड झाला. कृती तीच होती, दंड तीसपट झाला.

या प्रकरणातील एक तपशील विसरता येत नाही. कीनने हालांडची कारकीर्द संपवली, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः आघात उजव्या पायावर झाला होता आणि हालांडला निवृत्त व्हायला लावणारे दुखणे डाव्या गुडघ्याचे होते. परिणामावरून दोष ठरवू लागलो, की न्यायाची जागा दंतकथा कशी घेते, याचे हे उदाहरण आहे. कीनचा दोष त्याने कमी होत नाही. तो त्याच्या कृतीत होताच.

मैदानातून न्यायालयात

तिसरा प्रश्न कायद्याचा. रस्त्यावर कुणाला डोक्याने धडक दिली तर पोलीस येतात. मैदानावर का येत नाहीत? स्कॉटलंडमध्ये ते आले. एप्रिल १९९४मध्ये रेंजर्सच्या डंकन फर्ग्युसनने रेथ रोव्हर्सच्या जॉन मॅकस्टेला डोके मारले. पंचांनी कारवाई केली नाही. संघटनेने बारा सामन्यांची बंदी घातली, आणि १९९५मध्ये न्यायालयाने तीन महिन्यांचा तुरुंगवास सुनावला. पूर्वीच्या गुन्ह्यांमुळे तो तेव्हा परिवीक्षेवर होता. ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगात त्याने ४४ दिवस काढले.

तथापि प्रत्येक धसमुसळेपणा गुन्हा ठरू लागला, तर खेळ उरणारच नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००४मध्ये एका हौशी सामन्यातील प्रकरणात याची सीमारेषा आखली. खेळाला स्वतःची शिस्तयंत्रणा असल्याने फौजदारी खटला फक्त पुरेशा गंभीर वर्तनासाठीच असावा. खेळाचा प्रकार, त्याची पातळी, वापरलेले बळ, इजेचा धोका आणि खेळाडूची मनःस्थिती या साऱ्यांचा विचार व्हावा, असे न्यायालयाने म्हटले. संबंधित खेळाडूची शिक्षा रद्द झाली.

नुकसानभरपाईचा दिवाणी मार्ग अधिक परिणामकारक ठरला आहे. मँचेस्टर युनायटेडच्या राखीव संघातील अठरा वर्षांच्या बेन कोलेटचा पाय २००३मध्ये एका टॅकलमध्ये मोडला आणि त्याचे व्यावसायिक फुटबॉल तेथेच संपले. प्रतिस्पर्धी मिडल्सब्रो क्लबने निष्काळजीपणा मान्य केला आणि २००८मध्ये न्यायालयाने सुमारे ४३ लाख पौंडांची भरपाई ठरवली. मात्र या मार्गातही एक पळवाट दडलेली आहे. खेळाडू हा क्लबचा नोकर असल्याने भरपाईचा भार क्लबवर पडतो. पैसा मिळतो, ज्याच्या पायाने तो पाय मोडला, त्याचे उत्तरदायित्व मात्र हिशेबाच्या वहीत विरघळून जाते.

आपल्याकडील धडा

भारतीय फुटबॉलला या प्रश्नाची सर्वांत जबर किंमत ५ डिसेंबर २००४ रोजी मोजावी लागली. बंगळुरूतील फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने दुसरा गोल केला आणि मोहन बागानचा गोलरक्षक सुब्रत पॉल याच्याशी झालेल्या धडकेनंतर तो कोसळला, तो उठलाच नाही. धेंपोने सामना २-० असा जिंकला. महासंघाने पॉलवर दोन महिन्यांची बंदी घातली. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेवरही कडक टीका झाली. पॉल पुढे भारताचा प्रमुख गोलरक्षक झाला. मृत्यू घडला म्हणून धडक हिंसा ठरत नाही, तसेच मृत्यू टळला म्हणून हिंसा निर्दोष ठरत नाही. म्हणूनच अशा प्रसंगी निवाडा कृतीचा व्हायला हवा आणि वैद्यकीय व्यवस्थेचा जाब आयोजकांना वेगळा विचारला जायला हवा.

आपल्या कायद्याने हे तत्त्व फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या ८७व्या कलमात आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २५व्या कलमात संमतीचे उदाहरण म्हणून खेळच दिला आहे. करमणुकीसाठी दोघे तलवारबाजी करतात, तेव्हा नियमाने खेळताना होणाऱ्या इजेला दोघांची संमती गृहीत असते. अट एकच, दगाबाजी नसावी.

साऱ्या वादाचे मर्म या अटीत आहे. मैदानात उतरणारा खेळाडू धडक, पडझड, प्रसंगी हाड मोडण्याचा धोकाही पत्करतो. सूडाने रोवलेला बूट किंवा चेंडू दूर असताना मारलेले कोपर त्याने पत्करलेले नसते. लाल कार्डाची खरी शिक्षा उरलेल्या दहा जणांना होते, दंड कोट्यधीश खेळाडूला जाणवतही नाही आणि भरपाई क्लब भरतो. उरते ती खेळण्यावरची बंदी. व्यावसायिक खेळाडूची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याची मोजकी वर्षे. त्यांतूनच कापून घेतलेली शिक्षा त्याला एकट्याला भोगावी लागते. ती कृतीच्या गांभीर्यानुसार, खेळाडूचे नाव आणि सामन्याचा निकाल न पाहता आणि पंचाला दिसले की नाही याची सबब न घेता व्हायला हवी. अन्यथा सेव्हिलच्या मैदानावर बेशुद्ध पडलेल्या बातिस्तोंला खेळाने दिलेले उत्तर तेच राहील : गोलकिक, आणि खेळ पुढे चालू.