जुने यंत्र घ्या, पण पारखून घ्या

आयटीआयमधून सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा. हात तयार असतो, कामाची समज असते, पण यंत्र नसते. यंत्र नाही म्हणून ठेकेदाराकडे रोजंदारीवर जायचे, आणि रोजंदारीत घर चालवून चार पैसे उरत नाहीत म्हणून यंत्र घेता येत नाही. या फेऱ्यात उमेदीची वर्षे कधी निघून जातात ते कळतही नाही.

आपल्या वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत ही अडचण आणखी मोठी आहे. एके काळी सुतारकी शिकायची तर सुताराच्या घरी जन्म घ्यावा लागे. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, गावोगाव आयटीआय निघाल्या आणि हे कौशल्य कोणाच्याही मुलाला शिकता येऊ लागले. परंतु कौशल्य शाळेत मिळाले तरी हत्यारे शाळेत मिळत नाहीत. पिढीजात सुताराच्या मुलाला वाकस, पटाशी, रंधा वडिलांच्या पेटीत मिळतो. कारखान्याची जागा, ओळखीचे गिऱ्हाईक मिळते. आपल्या मुलाला पहिली पेटी स्वतःच भरावी लागते. म्हणूनच जुन्या यंत्रांच्या बाजाराची माहिती आपल्याला असली पाहिजे. हा लेख घरातल्या आईवडिलांनी आणि वहिनींनीही वाचावा, कारण यंत्रात जाणारा पैसा शेवटी सगळ्या घराचा असतो.

यंत्रे स्वस्त का मिळतात?

कोणतेही जुने यंत्र पाहताना पहिला प्रश्न विचारावा, हे विकायला का काढले? उत्तरावरून निम्मी पारख होते. पूर्वी घराच्या चौकटी, खिडक्या, कपाटे सागवानी लाकडाची होत. आता खिडक्या ॲल्युमिनियमच्या आल्या, कपाटे प्लायवूडची झाली आणि तयार स्वयंपाकघरे मोठ्या कारखान्यांतून कापून येऊ लागली. त्यामुळे भरीव लाकडावर चालणारी जाडजूड बिडाची यंत्रे पुष्कळ ठिकाणी रिकामी पडली. कोठे मालकाचे वय झाले आणि मुले नोकरीत गेली, कोठे गाळा पुनर्विकासात गेला, कोठे २०२० च्या टाळेबंदीत बंद पडलेले काम पुन्हा उभे राहिले नाही. अशा कारणाने विकायला निघालेले यंत्र बहुधा चांगले असते, कारण ते काल-परवापर्यंत काम करीत होते.

उलट सारखे बिघडते म्हणून काढलेले, किंवा दोन-चार दलालांच्या हातांतून फिरत आलेले यंत्र दिसायला ताजे रंगवलेले असते. नवा रंग पाहून भुलू नये. जुन्या बिडाच्या यंत्रावर आम्ही तरी थोडा गंज आणि तेलाचे डाग पाहणेच पसंत करू.

कोठे शोधावे?

मुंबईत दारूखान्याकडे आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात असा माल येतो. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात अलंगला १९८३ पासून जहाजे तोडली जातात. त्या रस्त्यावरच्या दुकानांत जहाजांवरचे सामान मांडलेले असते, त्यात वर्कशॉपची हत्यारेही असतात. रेल्वे आणि सरकारी कारखान्यांचा निकामी माल लिलावाने निघतो, पण तो ढिगाने विकला जातो. एका माणसाचे ते काम नव्हे.

गिरण्यांचे उदाहरण आपल्या लोकांना ठाऊक आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि कितीतरी यंत्रे किलोच्या भावाने भंगारात गेली. ज्या कामगाराने हयातभर ती चालवली त्याला त्यांतले चांगले कोणते, वाईट कोणते हे कळत होते. घेण्याची ऐपत मात्र नव्हती.

आमच्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे चालू असलेला किंवा नुकताच बंद झालेला कारखाना. लाकडाच्या वखारीत, हार्डवेअरच्या दुकानात, रंधा मशीनची पाती धार लावून देणाऱ्याकडे चौकशी करावी. धार लावणाऱ्याला कोणाचे यंत्र कसे आहे हे मालकापेक्षा चांगले ठाऊक असते. भंगारवाल्याकडे गेलेले यंत्र चालवून पाहता येत नाही. कारखान्यात उभे असलेले पाहता येते. हा फरक फार मोठा आहे.

पारख कशी करावी?

सुरुवात करणाऱ्याला बहुधा कंबाइंड मशीन घ्यावे लागते. एकाच बिडाच्या सांगाड्यावर रंधा, गोल करवत आणि भोके पाडायची सोय असते. ते पाहायला जाताना सोबत पोलादी पट्टी, गुण्या, टॉर्च आणि दोन-अडीच फुटांच्या दोन फळ्या घ्याव्यात. शक्य तर एखादा अनुभवी मिस्त्री आणि एक वायरमन बरोबर असावा. जाताना दिवसा जावे.

आधी वीज बंद ठेवूनच सांगाडा पाहा. पाय, बोल्टांच्या जागा आणि टेबलाच्या कडा यांवर टॉर्च मारा. बिडाला तडा गेला तर तो पक्का जोडणे फार अवघड असते. पितळेसारखी पिवळी जोडरेषा किंवा लांबीवर मारलेला रंग दिसला तर ते यंत्र सोडून द्या. मोटर बदलता येते, बेअरिंग बदलता येते, पण तडकलेला सांगाडा बदलता येत नाही. टेबलावर पोलादी पट्टी उभी धरा आणि तिच्याखालून उजेड येतो का ते पाहा.

मग पाती बसवलेला कटर ब्लॉक. पट्टा काढून तो हाताने पुलीवरून फिरवा. पात्याला बोट लावू नका. तो गुळगुळीत फिरला पाहिजे. खरखर लागली तर बेअरिंग गेले. शाफ्ट धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा शाफ्ट झिजला आहे. बेअरिंग गेले म्हणून घाबरू नये, भाव कमी करून घ्यावा. बेअरिंगवर ६२०५ किंवा ६२०६ असा नंबर असतो. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणले की शाफ्टची जाडी मिळते, म्हणजे ६२०५ ला २५ मिलिमीटर आणि ६२०६ ला ३० मिलिमीटर. हे नंबर कोणत्याही शहरात सहज मिळतात. शाफ्टच झिजला असेल तर मात्र खर्च वाढतो. पातीही पाहा. घासून घासून अरुंद झालेली पाती ब्लॉकमध्ये घट्ट धरली जात नाहीत आणि चालू यंत्रातून निसटली तर जीवावर बेततात.

त्यानंतर मोटर. तिच्या पाटीवर एचपी, फेरे, व्होल्ट आणि फेज लिहिलेले असतात ते वहीत उतरवून घ्या. घरगुती वीज सिंगल फेज, २३० व्होल्टची असते. मोठी मोटर बहुधा थ्री फेज, ४१५ व्होल्टची असते. आपल्या गाळ्यात थ्री फेज नसेल तर वेगळे कनेक्शन घ्या किंवा मोटर बदला, दोन्हीचा खर्च यंत्राच्या किमतीत धरावा लागेल. जळका वास येतो का ते पाहा. वायरमनकडून अंगाला करंट येत नाही ना, हे तपासून घ्या.

शेवटी यंत्र चालवून पाहा. वीस मिनिटे सलग चालू द्या. थंड यंत्र गोड बोलते, तापल्यावर खरे बोलते. मग बंद करून बेअरिंगच्या घराजवळ आणि मोटरवर हात ठेवून पाहा. हात ठेवता येत नसेल तर काहीतरी बिघडले आहे. आपल्या दोन फळ्यांच्या कडांना रंधा मारा आणि त्या कडा एकमेकींवर ठेवा. मधून उजेड दिसला तर टेबले एका पातळीत नाहीत. मालक चालवून दाखवायला तयार नसेल, “आत्ताच लाईट गेली” किंवा “दुसरी पार्टी पैसे घेऊन येतेय, लवकर बोला” असे म्हणत असेल, तर नमस्कार करून परत फिरावे. घाई ही विकणाऱ्याची गरज असते, घेणाऱ्याची नव्हे.

वेगाचे थोडे गणित

जुन्या यंत्राच्या पुल्या पुष्कळदा बदललेल्या असतात. हिशेब सोपा आहे. मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली, भागिले यंत्राची पुली. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ६ इंची पुली आणि ब्लॉकवर २ इंची पुली असेल, तर ब्लॉक मिनिटाला ४३२० फेरे घेईल. रंध्याला हे ठीक आहे. करवतीच्या पात्यावर मात्र जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेले असते. त्याच्या वर कधीही जाऊ नये. १२ इंची पाते मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या दातांचा वेग ताशी १७० किलोमीटरहून अधिक असतो. भरधाव गाडीपुढे हात घालण्यासारखेच ते आहे.

झाकणाशिवाय यंत्र नको

जुन्या यंत्रावर सर्वांत आधी हरवतात ती झाकणे. कामात अडथळा येतो म्हणून कोणीतरी काढून ठेवतो आणि ती भंगारात जातात. फिरत्या भागांना कठडा पाहिजे हे बंधन १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानेच घातले होते. छोट्या गाळ्याला कायदा लागू असो वा नसो, बोटे सर्वांची सारखीच.

रंध्याच्या पात्यांवर सरकते झाकण, पट्ट्यावर जाळी आणि करवतीवर टोपी असलीच पाहिजे. करवतीच्या पात्यामागे एक उभी पोलादी पट्टी लागते. ती नसेल तर चिरलेले लाकूड मिटून पाते पकडते आणि फळी उलट अंगावर फेकली जाते. या वस्तू नसतील तर त्या बनवून घ्यायचा खर्च आधी धरा आणि त्या बसेपर्यंत यंत्र चालू करू नका. छोटे तुकडे हाताने नव्हे, काठीने ढकलावेत. सैल बाह्या, मनगटातले धागे आणि हातमोजे यंत्राजवळ नकोत. मोजा पात्यात अडकला की हात ओढला जातो.

भुशाकडेही आपण दुर्लक्ष करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी ठरवली. नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. म्हणून राहत्या खोलीत यंत्र लावू नये, तोंडा-नाकावर मास्क वापरावा, आणि मुलांना भुशात खेळू देऊ नये. शाळकरी मुलाला “जरा फळी धर” म्हणून यंत्रापाशी उभे करणे तर अजिबात नको.

कागद हवाच

स्वस्त माल चोरीचा निघाला तर पैसे जातात आणि पोलीस दारात येतात. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून घेणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तो येतो. म्हणून विकणाऱ्याचे नाव, पत्ता, सही, ओळखपत्राची प्रत, यंत्राचे वर्णन आणि मोटरच्या पाटीवरचा नंबर असलेली पावती घ्यावी.

ओंडके चिरायचा मोठा आरा स्वस्तात मिळत असेल तर आणखी सावध राहा. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर विनापरवाना आरागिरण्यांवर देशभर बंधने आली. आरा विकत घेता येतो, पण त्याबरोबर परवाना येत नाही. बयाणा देण्यापूर्वी वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

पैशाची जुळणी

बँक यंत्रासाठी कर्ज देताना बहुधा नव्या यंत्राचे कोटेशन मागते. त्यामुळे जुन्या यंत्राला घरची पुंजी लागते, नाहीतर दागिने गहाण पडतात. यातून एक मार्ग निघतो. मुख्य यंत्र नवे, कर्जातून घ्यावे आणि बाकीची हत्यारे जुन्या बाजारातून. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच स्थापन झाले. त्याच्या जिल्हा कार्यालयात बीज भांडवलाची चौकशी जरूर करावी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख असे कर्ज त्यात ठेवले आहे. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो, म्हणून अर्ज कोणी करायचा ते घरात बसून ठरवावे.

सगळीच रक्कम यंत्रात घालू नये. समजा हाताशी ३० हजार आहेत, तर यंत्र २० हजारांच्या आतले पाहावे. उरलेल्या १० हजारांत टेम्पो, हमाली, बेअरिंग, पट्टा, झाकणे, स्टार्टर आणि पहिल्या कामाचे लाकूड बसवायचे आहे. ३० हजारांचे यंत्र घेऊन ते दारात झाकून ठेवणारा शेवटी सावकाराकडे जातो. दोघा-तिघा मित्रांनी मिळून घ्यायचे असेल तर कोणाचा किती वाटा, दुरुस्ती कोण करणार आणि एकजण बाहेर पडला तर काय, हे आधीच लिहून काढावे.

भाव करताना लाजू नये, पण खोटी नावेही ठेवू नयेत. तपासणीत जे जे सापडले ते वहीत लिहावे, प्रत्येकापुढे दुरुस्तीचा खर्च मांडावा आणि ती वही विकणाऱ्यापुढे ठेवावी. आकड्यांपुढे तोंडी गोष्टी टिकत नाहीत. जुने यंत्र विकणाऱ्याच्या दयेने स्वस्त होत नसते. एक दिवस मोडून, हात काळे करून जो ते पारखतो त्यालाच ते स्वस्त पडते. जो तो दिवस वाचवतो तो पुढे वर्षभर दुरुस्तीत पैसे भरत राहतो. या रविवारी यंत्र पाहायला जाणार असाल तर वही, टॉर्च आणि दोन फळ्या आजच पिशवीत भरून ठेवा, आणि बयाण्याचे पैसे मात्र पहिल्या दिवशी घरीच राहू द्या.