जुन्या साखळी करवतीतील ताणयंत्रणा : रचना, बिघाड आणि दुरुस्ती

प्रास्ताविक :

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि रस्त्यांवर कोसळलेली झाडे कापून वाट मोकळी करणे हे मदतकार्यातील पहिल्या कामांपैकी एक ठरले. अशा प्रसंगी पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवतीचे, म्हणजेच चेनसॉचे, महत्त्व प्रकर्षाने जाणवते. तथापि इंजिन सुस्थितीत असूनही केवळ साखळीचा ताण टिकत नाही म्हणून जुने यंत्र अडगळीत जाण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात बिघडलेला भाग म्हणजे बहुधा एक लहान स्क्रू व त्यावरील खुंटी एवढाच असतो. मात्र त्याकडे दुर्लक्ष करून काम रेटणे धोक्याचे आहे. कारण सैल साखळी चालू स्थितीत उतरली, तर ती चालकाच्या उजव्या हाताकडे फेकली जाऊ शकते. प्रस्तुत लेखात या यंत्रणेची रचना, बिघाडाची कारणे आणि दुरुस्तीची पद्धती यांचे विवेचन केले आहे.

रचना व कार्यतत्त्व :

साखळी ज्या पोलादी पट्टीच्या कडेने फिरते, तिला बार म्हणतात. बारच्या मागील टोकाशी एक लांबट खाच असते. यंत्राच्या अंगावर बसविलेले एक किंवा दोन स्टड या खाचेतून बाहेर येतात. त्यांवर झाकण चढवून नट आवळले, की बार घट्ट दाबला जातो. खाचेच्या वर व खाली एकेक लहान छिद्र असते. त्यांपैकी एकात ताणयंत्रणेची खुंटी बसते. ही खुंटी एका लहान चाकीला जोडलेली असून चाकीतून स्क्रू जातो. स्क्रू स्वतः पुढेमागे सरकत नाही, जागच्या जागी फिरतो. त्यामुळे चाकी सरकते आणि खुंटी बारला पुढे ढकलते. जुन्या करवतींत स्क्रूचे डोके बहुधा बारशेजारी, समोरच्या बाजूस असते. नंतरच्या अनेक नमुन्यांत ते झाकणाच्या बाजूने फिरविण्याची सोय करण्यात आली.

एका उदाहरणावरून हे कार्य स्पष्ट होईल. स्क्रू ५ मि.मी. व्यासाचा व प्रमाणित ०.८ मि.मी. आट्यांचा असेल, तर एका फेऱ्यात बार ०.८ मि.मी. पुढे जातो. साखळी बारच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडून जात असल्याने तिची सुमारे १.६ मि.मी. ढिलाई भरून निघते. ६० चालक कड्यांच्या साखळीत १२० रिव्हेट असतात. प्रत्येकाची झीज ०.०३ मि.मी. गृहीत धरल्यास साखळी ३.६ मि.मी. लांबते, म्हणजे स्क्रूचे सव्वादोन फेरे लागतात. साखळी 'ताणली जाते' असे म्हटले जाते, ते प्रामुख्याने या सांध्यांच्या झिजेमुळे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ताणयंत्रणा बारची जागा केवळ ठरविते. बारला त्या जागी धरून ठेवण्याचे काम नटांच्या दाबातून निर्माण होणारे घर्षण करते. बहुतेक बिघाडांचे मूळ या भेदाच्या विस्मरणात आढळते.

बिघाडाची कारणे :

पहिले कारण म्हणजे नट सैल न करता स्क्रू फिरविणे. अशा वेळी दाबलेला बार हलत नाही आणि चाकीचे आटे खरवडले जातात. दुसरे, खुंटी छिद्रात बसली आहे की नाही हे न पाहताच झाकण आवळणे. त्यामुळे खुंटी वाकते किंवा तुटते. तिसरे, नट अपुरे आवळणे. मग कापण्याच्या वेळचा भार घर्षणाऐवजी एकट्या खुंटीवर येतो. याखेरीज तेलात भिजलेला भुसा खाचेत घट्ट बसून स्क्रू अडकवितो.

दुरुस्तीची पद्धती :

इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, प्लगची वायर काढावी आणि हातमोजे घालावेत. साखळीचा ब्रेक झाकणातच असल्यास तो आधी सोडवावा. नंतर झाकण, साखळी व बार काढून सर्व भुसा खरडून काढावा. अडकलेल्या स्क्रूला गंज सोडविणारे तेल लावून काही वेळ थांबावे. अनेक यंत्रांचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्यामुळे ज्योतीने तापविण्याचा प्रयोग करू नये. आटे झिजले असल्यास स्क्रू व चाकी ही जोडीनेच बदलावीत. झिजलेल्या आट्यांत नवा स्क्रू लवकर खराब होतो. खुंटीच्या जागी साधा खिळा जोडणे ही तात्पुरती सोयही टाळावी. बारचे छिद्र लांबट झाले आहे काय आणि स्टडचे आटे शाबूत आहेत काय, हेही पाहावे.

जोडणी करताना चाकी मागे आणून खुंटी छिद्रात बसवावी. वरच्या बाजूस साखळीचे दाते बारच्या टोकाकडे रोखलेले असावेत. नट केवळ बोटांनी आवळावेत. बारचे टोक वर उचलून धरून खालची साखळी बारला टेकेपर्यंत स्क्रू फिरवावा आणि टोक तसेच धरून नट पक्के करावेत. साखळी हाताने सहज ओढता आली पाहिजे. तापलेली साखळी ताणली असल्यास काम संपताच ती सैल करावी. अन्यथा थंड होताना ती आकसून क्रँकशाफ्ट व बेअरिंगवर ताण येतो.

निष्कर्ष :

स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही साखळी सैलच राहत असेल, तर दोष यंत्रणेचा नसून साखळीच्या झिजेचा समजावा आणि साखळी बदलावी. इतर बाबतीत सुटा भाग बदलणे हे दुरुस्तीचे अर्धेच काम होय. खुंटी कोणत्या चुकीमुळे तुटली हे शोधून ती चूक टाळली नाही, तर नवी खुंटीही त्याच ठिकाणी तुटेल. आधी नट सैल, मग ताण, शेवटी नट पक्के हा क्रम चालकाच्या हाताला लागला, तरच जुने यंत्र पुन्हा विश्वासाने वापरता येते.