कवितेचा धुळ्याचा पत्ता

मासिकात लेख संपला, खाली चार बोटं कागद कोरा राहिला, की तिथे कविता बसवायची ही जुनी रीत. प्रा. पुरुषोत्तम पाटील यांनी 1985 साली धुळ्याहून ‘कवितारती’ सुरू केलं आणि ही रीतच उलटवली. इथे अंक कवितेचा. गद्य आलंच तर कवितेबद्दल बोलायला, समीक्षा म्हणून.

पाटील सर स्वतः कवी, ‘तळ्यातल्या साउल्या’ हा त्यांचा संग्रह. संपादनाचा हात आधीच 1977 मध्ये निघालेल्या ‘अनुष्टुभ’ या नियतकालिकावर बसलेला. 1982 मध्ये मुंबईचं ‘सत्यकथा’ मासिक बंद झालं. अशा काळात जिल्ह्याच्या गावाहून निव्वळ कवितेचं द्वैमासिक काढायचं, वर्षाला सहा अंक वर्गणीदारांच्या हाती द्यायचे, याला छाती लागते.

धुळ्याच्या या खानदेशात आधी कविता नव्हती असं कुठे आहे? 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या ठोंबरे नावाच्या पोराला अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी ‘बालकवी’ म्हटलं. आसोद्याच्या बहिणाबाई शेतात, जात्यावर गाणी रचत होत्या. ती पुस्तकात आली 1952 साली, त्या गेल्यावर. कविता होती, ती वेळेवर छापणारं जवळ कुणी नव्हतं. ‘कवितारती’चं मोल मला इथे दिसतं. शहादा, चोपडा, पारोळ्याकडच्या नव्या कवीला आपलं पाकीट पुण्या-मुंबईलाच धाडायची गरज उरली नाही.

आणि कवितेचा अंक काढणं म्हणजे डोळ्यांत तेल घालून केलेलं काम. गद्यात एखादा शब्द खालच्या ओळीत गेला तरी निभावतं. कवितेत ओळ भलतीकडे तुटली की लय गेली. अनुस्वार पडला की अर्थ फिरला. मुक्तछंदात कवीनं मुद्दाम सोडलेली मोकळी जागा कंपोझिटरला चूक वाटते, तो ती इमानेइतबारे भरून टाकतो. संपादकानं ती पुन्हा मोकळी करायची, तीही छापायला जाण्याआधी.

जानेवारी 2017 मध्ये सर गेले. पुढे संपादनाची धुरा आशुतोष पाटील यांनी घेतली. जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात या अंकांचे बांधीव खंड असलेच पाहिजेत, आणि मराठी शिकवणाऱ्यांनी ते वर्गात न्यायला हवेत.