अंगणातले नमन

कोकणातल्या हेदवीस येणारा परगावचा मनुष्य टेकडीवरील दशभुजा गणेशाचे दर्शन घेतो, उमामहेश्वराच्या देवळापाशी खडकास पडलेल्या बामणघळीत भरतीची लाट शिरून उंच उसळते ती पाहतो आणि सूर्यास्तापूर्वी माघारी फिरतो. परंतु फाल्गुनात, शिमग्याच्या दिवसांत, जो या मुलखात रात्रीचा मुक्काम करील, त्याने एखाद्या वाडीतून येणाऱ्या मृदंगाच्या घुमाऱ्याचा माग काढीत जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

या खेळाचे नाव नमन, आणि तो करणारे ते खेळे. त्यास रंगमंच लागत नाही. शेणाने सारवलेले अंगण, वर माडाच्या झापांचा मांडव, तिन्ही बाजूंनी चटया अंथरून बसलेली माणसे आणि आयांच्या मांडीवर पेंगुळलेली पोरे, एवढा सरंजाम पुरतो. समुद्राच्या दमट वाऱ्याने मृदंगाचे कातडे सैल पडते. म्हणून खेळापूर्वी वाजवणारा तो पेंढ्याच्या जाळावर धरून सावकाश फिरवतो, बोटाने टिचकी मारतो, मान हलवतो, पुन्हा धरतो. ही मान होकारार्थी हलेपर्यंत मानकऱ्यांनीही तिष्ठत राहावे, असा अलिखित दस्तूर आहे.

मग पांढऱ्या झग्यांतील खेळे रांगेने उभे राहतात आणि धरित्री, आकाश, देवदेवता, ग्रामदैवत, गुरू, जमलेली सभा अशा क्रमाने एकेकास वंदन चालते. 'नमनालाच घडाभर तेल' ही म्हण ज्याने रूढ केली तो बहुधा उतावळा श्रोता असावा. मला तर हे तेल मुळीच वाया गेलेले वाटत नाही, कारण ही हजेरी पुरी झाल्याखेरीज अंगणाची रंगभूमी होत नाही. पुढे काळ्या पोशाखातील, कमरेस घुंगरू बांधलेला संकासुर पोरांच्या अंगावर धावून जातो, गौळणीत मिसरूड फुटलेला गडी राधेचा पदर सावरतो, पेंद्या आणि मावशी हशा पिकवतात, आणि उत्तररात्री वगाचा अंमल सुरू होतो. भाद्रपदात गौरी-गणपतीला रंगणाऱ्या जाखडीची, तिच्यातील शक्तीवाले व तुरेवाले यांच्या सवाल-जवाबांची कैफियत स्वतंत्रच मांडावी लागेल.

चाकरमान्यांबरोबर नमन मुंबईसही गेले. सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली गिरणगावातील कामगारांसाठी उभारलेल्या परळच्या दामोदर नाट्यगृहात त्याचे प्रयोग तिकीट लावून झाले, आणि १९८२ च्या संपाने गिरण्यांची धडधड मंदावल्यावरही ते थांबले नाहीत. याबद्दल त्या वास्तूचे ऋण मानलेच पाहिजे. मात्र घड्याळाच्या हुकमतीखाली पहिली कात्री लागते ती नमनालाच, ही माझी जुनी फिर्याद आहे. दुसरी फिर्याद कर्ण्याविरुद्ध. दहा हातांवर बसलेल्या माणसांसाठी एका वाडीने लावलेल्या कर्ण्यांनी मृदंगाची थाप अशी काही फाडून टाकली, की मी उठून गोठ्याच्या भिंतीपलीकडे जाऊन बसलो. तेथे ती पुष्कळच बरी ऐकू आली.

अशाच एका खेळात पहाटे रावण आला. दशमुखी पाटी डोक्यावर तोलीत तो गरजू लागला, तेव्हा माझ्या शेजारच्या म्हातारीने त्यास ओळखून, उद्या सकाळी पन्हळ बसवायला येणार आहेस ना, असे भर खेळात विचारले. आणि लंकाधिपतीने, हात वर तसाच धरून, येतो म्हणून मान डोलावली.